पप्पांचा गुरुवार

आम्ही त्याला शाळा म्हणत नसू, ‘आंटीकडे’ म्हणत असू. मम्मी हॉस्पिटलची रात्रपाळी संपवून सकाळी घरी यायची, पांढरे बूट दाराबाहेर काढायची आणि आत पाऊल टाकायच्या आधीच विचारायची, “आंटीकडे जायचं आवरलं का?” मी इंग्रजीत हो म्हणायची. मग ती माझ्या वेणीचं टोक उगाच एकदा ओढून बघायची, चहाचा अर्धा कप उभ्यानेच संपवायची आणि खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. त्यानंतर दुपारी तीनपर्यंत आमच्या बहारीनमधल्या, मनामा शहरातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात आवाज करायचा नाही, असा नियम होता. एसीची घरघर, खाली पाण्याच्या टँकरचा पाइप फरशीवर घासत नेल्याचा आवाज आणि ठरलेल्या वेळी मशिदीतून येणारी अजान, एवढंच ऐकू यायचं. सुट्टीच्या दिवशी पप्पा आणि मी समोरासमोर बसून जेवायचो, पण पापड खायचा नाही. पापड मोडल्याचा आवाज बंद दारातून आत जातो, असं पप्पांचं म्हणणं होतं. ते खुबूसचे, म्हणजे तिथल्या अरबी रोटीचे, तुकडे करायचे, त्यात सुकट भरायचे आणि माझ्या ताटात ठेवायचे. बोंबील भाजायचे असले तर गॅलरीत स्टोव्ह नेऊन, दार घट्ट लावून भाजायचे. वसईहून कुणी आलं की केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी आणायचं. पप्पा ती रोज एकच काढायचे, सुरीने तिचे तीन तुकडे करायचे आणि मम्मीचा तुकडा बशीखाली झाकून ठेवायचे.

मी तिथे नवीनच होते. त्याआधी चार वर्षं मी वसईला सिस्टरांच्या होस्टेलमध्ये काढली होती. मम्मी आधी बहारीनला गेली, मग पप्पा गेले आणि मला मागे ठेवलं, कारण शिक्षण चांगलं व्हायला हवं होतं. होस्टेल वाईट होतं असं मी म्हणणार नाही. तिथे कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण पहिल्या वर्षी मी रडायची, ते दुसऱ्या वर्षी बंद झालं आणि त्याबरोबर बाकीचंही काहीतरी बंद झालं. सुट्टीत आया भेटायला आल्या की बाकीच्या मुली पळत जाऊन गळ्यात पडायच्या. मम्मी आली की मी चालत जायची. मम्मी नंतर पप्पांना म्हणाली होती, “ती मला पाहुण्यासारखी बघते.” त्याच वाक्यामुळे मला बहारीनला आणलं असावं. आणल्यावर कळलं की तिथल्या भारतीय शाळेत माझ्या वर्गात जागाच नाही. तेव्हा लुईझा आंटीचं नाव निघालं. एक वर्ष आंटीकडे बघायचं, जमलं तर मी राहायचं, नाही तर जूनमध्ये परत होस्टेल, असं ठरलं. होस्टेलमधलं माझं नाव मम्मीने काढलं नव्हतं. कॉट राखून ठेवायचे पैसे ती दर महिन्याला पाठवत होती, हे मला माहीत होतं. मला राहायचं होतं का, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते, पण कुठल्या आवाजात ते सांगता येत नाही.

लुईझा आंटी मूळची वांद्र्याची, तिथल्या एका कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं शिकवून आलेली. उंच, जाड भिंगांचा चष्मा, आवाज असा की गॅरेजमधल्या हातोड्यांच्या वर जाईल. आणि तो तसा असावाच लागे, कारण तिचं घर शहराबाहेर, तुबलीला गॅरेजांच्या ओळीमागे होतं. मुलांनी घरीच शिकावं, ख्रिस्ती पद्धतीने शिकावं आणि हातांनी शिकावं, हे तिचं मत कुठल्याशा परदेशी मासिकात वाचून पक्कं झालं होतं. अभ्यासाची पुस्तकं टपालाने बाहेरून यायची. आम्ही चार घरांची नऊ मुलं होतो, सगळी कॅथलिक, दोन घरं वसईची, दोन मुंबईची. सकाळी प्रार्थना, मग गणित, मग वाचन. गुरुवारी मात्र पुस्तक उघडायचंच नाही. गुरुवार हा हातांचा दिवस. कुणाच्या तरी आईने किंवा वडिलांनी यायचं आणि त्यांना जे येतं ते मुलांकडून करून घ्यायचं. “संध्याकाळी ज्याचे हात स्वच्छ, तो नापास,” असं आंटी म्हणायची. मम्मीने आम्हाला मोडलेल्या हाताला फळी बांधायला शिकवलं. एका मुलाचे वडील इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी दोन गुरुवारांत आमच्याकडून एका जुन्या पंख्याचं वाइंडिंग करून घेतलं आणि तो पंखा पुढे स्वयंपाकघरात फिरत राहिला. ब्लॉसम नावाची माझ्याच वयाची एक मुलगी होती, तिची आई हॉटेलात केक करायची. तिच्या गुरुवारी सगळे शेजारी डोकावून गेले.

मला हे दिवस आवडायचे, असं आता वाटतं. तेव्हा एवढंच कळायचं की गुरुवारी कुणी मला बोल असं म्हणत नाही. कणीक मळताना, तार गुंडाळताना माणूस गप्प असला तरी चालतं. माझी तार सगळ्यांत सरळ गुंडाळलेली असायची. आंटी ती सगळ्यांना दाखवायची आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघायची.

वर्ष अर्धं सरलं तरी पप्पांचा गुरुवार आला नव्हता. पप्पा एका हॉटेलच्या स्टोअरमध्ये होते. तांदळाची पोती, टोमॅटोचे डबे, साबणाच्या पेट्या मोजून घ्यायच्या आणि मोजून द्यायच्या. शिक्षण गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत. इंग्रजी कामापुरतं. आंटीकडे मला सोडायला आले की ते गाडीतून उतरत नसत. उतरावं लागलंच तर फाटकाशी उभे राहून “गुड मॉर्निंग, मॅडम” म्हणत आणि लगेच मागे फिरत. ब्लॉसमने एकदा डबा खाता खाता विचारलंच, “तुझे पप्पा कधी येणार शिकवायला? काय शिकवतील? पोती मोजायला?” मुलं हसली. मीही हसले. हसण्याचं मला काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

आंटीच्या घरामागे खजुराची बाग होती. घर आणि बाग दोन्ही हाजी युसुफ यांची. हाजी म्हातारे, पूर्वी तेल कंपनीत हिशेबनीस होते, इंग्रजी स्वच्छ बोलायचे. त्यांनी घर आंटीला कमी भाड्याने दिलं होतं, कारण मुलांचा आवाज त्यांना आवडायचा. मुलं बागेत खेळली तरी चालेल, असंही ते म्हणाले होते. अट एकच होती. कुठल्याही झाडाला हात लागला तर घर खाली करायचं. ते हे हसत म्हणाले होते, पण आंटीने ते कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावलं होतं.

बागेची राखण अब्बास करायचा. जवळच्याच गावातला बहारीनी म्हातारा, डोक्याला विटकं फडकं, पाय कायम मातीचे. जुन्या दिवसांत मुंबईच्या बोटींवर काम केल्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. मधल्या सुट्टीत बाकीची मुलं चेंडू खेळायची तेव्हा मी पाटाच्या कडेला बसायची आणि तो मला कामाबद्दल सांगत राहायचा. मी उत्तर देते की नाही याची त्याला फिकीर नसायची. झाडांच्या बुडाशी कमरेएवढे फुटवे आलेले होते, टोकदार पानांचे. त्यांची पानं त्याने दोरीने बांधून ठेवली होती आणि मुळाशी ओल्या मातीचा ढीग लावला होता. “ये बच्चा है,” तो म्हणायचा. “माँ बुड्ढा हो गया. पानी खारा हो गया, माँ नहीं बचेगा. ये बच्चा लोग रिफा जाएगा, हाजी का बेटा का नया घर. तीन साल हम मीठा पानी दिया, टँकर का. अगला ठंडी में काटेगा, उधर लगाएगा. इंशाल्ला.” मग तो बोटांवर मोजायचा. अकरा. हाजींच्या आजोबांनी लावलेल्या झाडांचे ते अकराच फुटवे उरले होते. झरे आटत चालले होते आणि बाग दुसरीकडे नेण्याचा दुसरा मार्ग नव्हता. बी पेरलं तर ते झाड येत नाही, दुसरंच काहीतरी येतं, हेही त्याने मला सांगितलं होतं. एकदा नाही, पुष्कळ वेळा. म्हातारी माणसं सांगतात तसं.

तुबलीत आता त्या बागा नाहीत, असं परवा तिकडून आलेल्या एकीने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तिनेच सांगितलं. मी बरं म्हणाले आणि तिला चहा विचारला.

पप्पांनी ती बाग नीट पाहिली ती एका संध्याकाळी. मला न्यायला आले होते आणि मी आत वही विसरले म्हणून त्यांना फाटकाच्या आत थांबावं लागलं. मी बाहेर आले तर ते कुंपणाला हात लावून उभे होते. आंटी शेजारी होती.

“मॅडम, ये झाड का कोई देखता नहीं?” पप्पा म्हणाले. आंटी मराठी समजायची, पण पप्पा तिच्याशी सुरुवात हिंदीतच करायचे.

“देखता है, अब्बास है ना. का? काय झालं?”

“ये सब पिलं बाजू में,” पप्पांनी बोट दाखवलं. “सगळा जोर पिलं खातात. घड को क्या मिलेगा? आमच्या वाडीत एक पिल ठेवतात, बाकी मारतात. नाही तर केळ भरत नाही.”

पप्पांना एवढं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आंटीने चष्मा वर सरकवला आणि त्यांच्याकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. “जोसेफ, तुम्ही शेतकरी आहात हे मला कुणी सांगितलंच नाही.”

“वाडी होती मॅडम. बाबांची. केळी, पानवेल. मी बारा वर्षांचा असल्यापासून कोयता हातात.”

“मग पुढचा गुरुवार तुमचा,” आंटी म्हणाली. “आणि ऐका, हाजींना सांगायचंच नाही. त्या दुपारी ते भाडं घ्यायला येणार आहेत. मुलांनी बाग साफ करून ठेवली बघून किती खूश होतील! सेवेची सेवा, शिक्षणाचं शिक्षण. झाडाला हात लावायचा नाही, फक्त खालचं काढायचं.”

मी वही छातीशी धरून उभी होते. गुरुवारला अजून पाच दिवस आहेत, असं काहीतरी मनात आलं असेल. घरी जाताना पप्पा गाडीत शीळ घालत होते.

त्या पाच दिवसांत पप्पांनी मम्मीला तीनदा सांगितलं की सदऱ्याला इस्त्री कर. मम्मी म्हणाली, “माती खणायला इस्त्रीचा सदरा?” पप्पा म्हणाले, “पोरीच्या मास्तरणीसमोर उभं राहायचंय.” त्यांनी हॉटेलातल्या माळ्याकडून दोन कोयते आणि एक छोटी करवत मागून आणली, बाथरूममध्ये बसून दगडावर धार काढली. मम्मीची ड्यूटी असल्याने आवाज झाला तरी चालण्यासारखं होतं. मी दारात उभी होते. “बाय, बघ,” ते म्हणाले, “धार अशी तिरकी धरायची.” मी बघितलं. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. दोघंच होतो, कुणी हसणार नव्हतं. मी घसा साफ केला तेव्हा पप्पांनी वर बघून विचारलं, “ब्लॉसमचे वडील काय करतात गो?” मी म्हणाले, बँकेत. “हां,” ते म्हणाले आणि पुन्हा धार काढू लागले.

गुरुवारी अब्बास नव्हता. भाच्याचं लग्न होतं, तो दुपारी यायचा होता. सकाळच्या प्रार्थनेला आंटीने मुद्दाम बायबलमधलं वेलीच्या छाटणीबद्दलचं वाचलं, फळ न देणारी फांदी माळी कापतो, असं. मग सगळे बागेत गेलो. पप्पांनी इस्त्रीचा सदरा कोपरापर्यंत दुमडला, एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि बोलायला लागले. मराठीत, मध्ये हिंदी, मध्ये एखादा इंग्रजी शब्द. आई-झाड म्हणजे काय, पिल म्हणजे काय, जमिनीतलं बळ कसं वाटलं जातं. बोलता बोलता ते विनोद करायला लागले. “एका घरात अकरा पोरं आणि बापाला पगार एक, मग काय होणार?” म्हणाले आणि मुलं हसली, ब्लॉसमसुद्धा. आंटी दर वाक्याचं इंग्रजी करत होती आणि मधूनच म्हणत होती, “ऐका, मुलांनो, हे पुस्तकात मिळणार नाही.” पप्पांची मान ताठ झाली होती. मी त्यांना त्या आधी आणि त्या नंतरही तसं बघितलं नाही.

पहिल्या फुटव्याची दोरी त्यांनी कापली तेव्हा क्षणभर थांबले. “ही कुणी बांधली?” त्यांनी विचारलं.

“अब्बासने असेल, काटे लागू नयेत म्हणून,” आंटी म्हणाली.

पप्पांनी मान डोलावली. मला मुलांची ओळ दिसत होती, आंटीच्या चष्म्याचा उघडा डबा दिसत होता, पप्पांच्या मनगटावरचा घाम दिसत होता. तोंड उघडलं की शब्द बाहेर येतात, हे मला माहीत होतं. ब्लॉसमने मला ढोसलं आणि हळूच म्हणाली, “तुझे पप्पा भारी आहेत गं.” मग कोयता खाली आला.

आम्ही नऊ जणांनी पानं ओढून धरायची आणि पप्पांनी बुडाशी कापायचं. काटे बोटांत शिरत होते. खजुराचं लाकूड केळीसारखं नसतं, दोन घावांत तुटत नाही, त्यामुळे पप्पांना नवल वाटत होतं. “काय चिवट पिल आहे,” म्हणत ते करवत घ्यायचे. आत पांढरा, ओला गाभा निघायचा, नारळाच्या कोंबासारखा. आंटीने तो एका मुलाला चाखायला दिला. गोड आहे, तो म्हणाला. मग सगळ्यांनी चाखला. मीही चाखला. बाराच्या सुमारास अकराही झाले. पानांचा ढीग फाटकाजवळ रचला, पाट झाडला, बुंध्यांभोवतीची माती सपाट केली. बाग खरोखर छान दिसत होती. आंटीने सगळ्यांचे हात तपासले आणि पप्पांचेही हात उलटेपालटे करून बघितले. “पास!” ती म्हणाली. पप्पा लाजले.

हाजी आले तेव्हा आम्ही ओटीवर रांगेत उभे होतो. आंटीचं ते ठरलेलं होतं, सरप्राइज. गाडी अब्बासच चालवत आणेल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण लग्नातून दोघं बरोबरच आले होते. अब्बास नवीन पांढरे कपडे घालून होता. तो आधी उतरला. ढीग बघितला आणि तसाच बागेत गेला. आम्ही वाट बघत होतो की आता काही म्हणेल. तो एका बुंध्याशी खाली बसला, नव्या कपड्यांसकट, आणि कापलेल्या जागेवर तळहात ठेवून बसून राहिला. हाजी काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले, एकेक झाड फिरून आले. त्याला बराच वेळ लागला. गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

“हे कुणी केलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आंटीने सांगायला सुरुवात केली आणि तिचा आवाज अर्ध्यातच बसला. पप्पा पुढे झाले. “मैंने काटा, साब. मैंने. बच्चा लोग नहीं.” त्यांच्या हातात अजून करवत होती.

हाजींनी त्यांच्याकडे बघितलं. “तुमच्या गावात असं करतात?”

“केळी का झाड में, साब.”

“तुम्हाला माहीत नव्हतं,” हाजी म्हणाले. “ज्याला माहीत नाही त्याच्यावर मी राग धरत नाही.” मग ते अब्बासकडे वळून अरबीत काहीतरी बोलले. अब्बासने बसल्या जागेवरूनच उत्तर दिलं आणि हात वर करून माझ्याकडे दाखवलं. आंटी नंतर म्हणाली की हाजींनी विचारलं होतं, या लोकांना तू सांगून का ठेवलं नाहीस? आणि अब्बास म्हणाला होता, त्या मुलीला सांगितलं आहे, कितीतरी वेळा.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पाही. हाजी दोन पावलं जवळ आले. त्यांचा आवाज चांगला होता, आजोबांसारखा. “बेटी, अब्बासने तुला सांगितलं होतं? हे फुटवे ठेवायचे आहेत म्हणून?”

स्वयंपाकघरातला तो कागद सगळ्यांच्या पाठीमागे भिंतीवर होता. ज्याला माहीत नाही त्याला माफ, हे मी आत्ताच ऐकलं होतं. माहीत असलेलं एकच माणूस आमच्या बाजूला होतं. घर गेलं की आंटीकडचं सगळं बंद होणार होतं आणि जूनमध्ये मला विमानात बसवणार होते. हे सगळं मी तेव्हा इतक्या नीट मांडलं असेन असं नाही. पण सगळं मिळून एकच गोष्ट होती आणि ती मला दिसत होती. मी मान हलवली. नाही.

अब्बास माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं, असं मी मोठेपणी म्हणत आले आहे. तेव्हा मला ते बरं किंवा वाईट काहीच वाटलं नाही. तो उठला, गुडघ्यांवरची माती झटकली. “हाजी, खलास,” तो हिंदीत म्हणाला, बहुतेक आम्हालाही कळावं म्हणून. “हम बुड्ढा हो गया. शायद नहीं बोला. याद नहीं.”

हाजींनी हात पुढे केला. अब्बासने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पाण्याच्या खोलीची, फाटकाची, आणि त्यांच्या हातावर ठेवला. गाडी परत जाताना हाजींनी चालवली. अब्बास मागे बसला होता. पुढच्या आठवड्यात हसन नावाचा एक तरुण माळी आला आणि आंटी म्हणाली, चांगलंच झालं, अब्बासचं वय झालं होतं, मुलीकडे आराम करेल. ती खोटं बोलत नव्हती, तिला तसंच वाटत होतं. अब्बास मला पुन्हा कधी दिसला नाही.

गाडीत पप्पांनी खिडक्या उघड्या ठेवल्या. तुबलीच्या खाडीचा वास आत येत होता. बराच रस्ता गेल्यावर ते म्हणाले, “अब्बासने तुला सांगितलं होतं.”

ते विचारत नव्हते. मी इंग्रजीत हो म्हणाले.

“किती वेळा?”

“मोजलं नाही.”

सिग्नलला गाडी थांबली. मागून हॉर्न वाजला तेव्हा पप्पांनी गिअर टाकला. “मग मला का नाही सांगितलंस, बाय?”

“तुम्ही बोलत होता,” मी म्हणाले. हे मात्र मराठीत म्हणाले.

मी हे मराठीत लिहिते आहे, लग्नानंतर सासूबाईंकडून लिहायला शिकलेल्या मराठीत, कारण पप्पांना वाचता आली असती अशी ही एकच भाषा होती. ते असताना मी एक ओळ लिहिली नाही.

घरी मम्मी झोपलीच नव्हती. तिने ड्यूटीवरून आल्या आल्या पीठ आंबवायला ठेवलं होतं आणि आता फुगे तळत होती. वसईला लग्नात, सणाला करतात तसे, गोल आणि आतून पोकळ. सोबत मटण. “कसा झाला तास?” तिने कढईतून मान वर न करता विचारलं.

“बरा झाला,” पप्पा म्हणाले.

“बरा म्हणजे? मॅडम काय म्हणाल्या?”

“पास म्हणाल्या.”

मम्मी खुदकन हसली. तिला असं हसताना मी फारसं बघितलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. “तुझ्या मैत्रिणींना आवडलं?” मी म्हणाले, आवडलं, ब्लॉसम म्हणाली पप्पा भारी आहेत. मम्मीने झारा बाजूला ठेवला आणि पदराने डोळे टिपले, तेलाचा धूर गेला म्हणाली. मग आम्ही जेवलो. पप्पांनी सहा फुगे खाल्ले. त्यांच्या बोटांत काटे तसेच होते, प्रत्येक घासाला ते बोट जरा वर धरायचे. जेवण संपत आलं तेव्हा मम्मी म्हणाली, “मग ऐकलंत का, होस्टेलला लिहून टाकू ना? कॉट सोडली म्हणून?”

पप्पा पाणी पीत होते. त्यांनी ग्लास पूर्ण रिकामा केला, खाली ठेवला.

“लिही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, तिकडे शुक्रवारीच, कारण सुट्टी शुक्रवारची. चर्चचं आवार नेहमीसारखं भरलेलं, कोकणी, मल्याळम, इंग्रजी, मराठी सगळं एकात एक. मिस्सेआधी पापनिवेदनाची, म्हणजे फादरांना आपली पापं सांगायची, रांग असायची. मम्मी लहान मुलांच्या बाकाकडे ओळखीच्या नर्सेस दिसल्या म्हणून गेली आणि मी रांगेत उभी राहिले. थोड्या वेळाने लक्षात आलं की पप्पा माझ्या मागे येऊन उभे आहेत. पापनिवेदनाला ते सहसा नाताळ-ईस्टरलाच जायचे. रांग पुढे सरकत होती.

जाळीपलीकडे फादर होते, त्यांना सर्दी झाली होती. मी इंग्रजीत सांगितलं की मी खोटं बोलले. कुणाशी, त्यांनी विचारलं. एका मोठ्या माणसाशी, मी म्हणाले. आणखी काही, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही, एवढंच. त्यांनी मला मोठ्यांशी खरं बोलावं म्हणून सांगितलं, प्रायश्चित्त म्हणून ‘नमो मारिया’ ही प्रार्थना तीनदा म्हणायला सांगितली आणि क्षमा दिली. मी बाकावर जाऊन गुडघे टेकले आणि तीन नमो मारिया म्हटल्या. पंख्याचा वारा येत होता. पुढच्या बाईच्या डोक्यावरची ओढणी सारखी उडत होती.

पप्पा आत बराच वेळ होते. त्यांच्यामागच्या माणसाने दोनदा घड्याळ बघितलं. मला वाटलं, आता ते बाहेर येतील आणि मला हाताला धरून हाजींच्या घरी नेतील, बुसैतीनला, पुलापलीकडे. रस्ता मला माहीत होता. आम्ही दोघं त्यांच्या बैठकीत उभे राहू, ते कॉफी देतील आणि मला सांगावं लागेल. मी वाक्यही जुळवलं होतं, इंग्रजीत, चार शब्दांचं. पप्पा बाहेर आले, माझ्याशेजारी येऊन गुडघे टेकले. त्यांचे ओठ हलत होते. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते फार लवकर थांबले. मग ते सरकून बाकावर बसले, हात मांडीवर ठेवून.

“तुला काय दिलं फादरने?” त्यांनी हळूच विचारलं. असं विचारायचं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

“तीन नमो मारिया.”

पप्पांनी समोर बघितलं. घंटा वाजली आणि सगळे उभे राहिले, तेही उभे राहिले, आणि उभं राहता राहता म्हणाले, “मलाही तीनच.”